शंकासुर कोणी नाचवला?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे मालक सन्माननीय संदेश मयेकर साहेब, आता ही कंपनी विकत घेणारे, मुंबईहून अगत्याने आलेले पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर, आणि समोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, 'दीपाली आमच्या घरचीच' असंही म्हणालात. आभारी आहे. घरच्या माणसाला बाहेर काढताना इतका थाट रत्नागिरीत पहिल्यांदाच होत असावा.

पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. शाळांसाठी आपण संगणकावर खेळायचा शिमग्याचा खेळ बनवला. काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी असा शंकासुर पडद्यावर नाचतो आणि मुलांना गणितं घालतो. पालीच्या शाळेत तो दाखवायला मी गेले, तर तिथल्या जुन्या संगणकावर तो पावलागणिक अडखळायला लागला. एक मुलगी म्हणाली, "बाई, याचा पाय मुरगळलाय काय ओ?" वर्ग हसला. शिक्षिका खाली बघत राहिल्या.

कारण साधं होतं. चित्र चौकोनी असतं. शंकासुर थोडाच चौकोनी असतो? त्याच्या भोवतीची पारदर्शक जागासुद्धा संगणक दर वेळी ठिपका ठिपका तपासत बसे. मग मी चित्र उघडतानाच प्रत्येक ओळीत रंग कुठून कुठवर आहे, ते एकदाच ठरवून ठेवलं. रिकामं ते ओलांडायचं, भरीव ते सलग उचलून ठेवायचं, आणि मागच्या रंगात मिसळण्याचं किचकट गणित फक्त दाढीच्या विरळ कडांपुरतं करायचं. त्याच संगणकावर शंकासुर नाचला. शाळेच्या पायरीवर बसून मी आनंदाने रडले होते.

या कामाला पुरस्कार मिळाला. साहेबांना. मी विचारलं, तर म्हणाले, "स्टेजवर एकालाच बोलावतात गो. माझं नाव झालं म्हणजे तुझंच झालं." मला पटलंही.

मग कंपनी विकायची बोलणी सुरू झाली. पाहुणेहो, तुम्हीच विचारलंत, "प्रोग्रॅमचा हा शंकासुराचा भाग कोणी लिहिला?" साहेब म्हणाले, "मी." शेजारी आमचा विनीत होता. मी ते लिहीत असताना तो माझ्याच टेबलाशी बसायचा. तो पाणी प्यायला. हे त्यानेच मला नंतर सांगितलं, आणि घरी लहान मूल आहे, हेही सांगितलं. साहजिकच नव्या कंपनीत साहेब राहिले, विनीत राहिला. माझी गरज उरली नाही.

गेल्या आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "जायच्या आधी एकदा समजावून दे गो. उद्या त्यांनी विचारलं तर?"

मी समजावलं. नाही म्हणता आलं असतं. पण खेळ पुन्हा अडखळला, तर हसं पालीच्या बाईंचं होणार होतं, साहेबांचं नाही. कडांच्या गणितापाशी आले, तेव्हा साहेब म्हणाले, "ते राहू दे. ते कोण विचारणार?"

पाहुणेहो, आता चहाच्या वेळी जरूर विचारा.

एवढं शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहून गेला असेल, तर त्यांनी मोठ्या मनाने क्षमा करावी. ज्यांचा झाला, त्यांची मी क्षमा मागत नाही.