नातवासाठी गिटारची सीडी

भोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गर्दी होती. कापूरहोळच्या गॅरेजवाल्या शब्बीरला उतारवयात गिटार शिकायची होती, पण चारचौघांत तसं सांगायची लाज वाटली.

"गिटार शिकवायची सीडी द्या. नातवाला पायजे."

"केवढा हाय, चाचा?"

"धा वर्साचा."

"मग ही घ्या. ह्यात अस्वल शिकवतंय."

"मोठ्या माणसांची न्हाई का?"

"हाय की. पण एवढ्याशा पोराला ती कशाला?"

"हात लई मोठे हाईत त्याचे."

"नातू हाय का पैलवान?" मागून कुणीतरी हसलं.

"पोरालाच आणा चाचा, हात बघून देतो."

"नगं, नगं. अस्वलाचीच द्या."

"रंगीत कागदात बांधतो. वर पोराचं नाव काय लिहू?"

शब्बीरनं मान खाली घातली.

"शब्बीर लिवा."