चार पाय आणि एक फळी

नाही, मला एक सांगा, चार पाय आणि एक फळी, यात अवघड काय आहे? गाढवाला चार पाय असतात, ते उभं राहतंच की! त्याचा काटकोन कुणी सुताराचा गुण्या लावून बघितला होता का कधी? पण आमच्या स्टँडचा एक पाय कायम हवेत... आणि तोही दर वेळी वेगळा! आज हा, उद्या तो, चौघांनी आपसात पाळ्या लावून घेतल्यासारखं!

झालं काय, बायकोची एक पितळी फुलदाणी आहे. तिच्याखाली ठेवायला नक्षीदार लाकडी स्टँड हवा होता. बायको म्हणाली, "बाबांना सांगते, अर्ध्या तासात करून देतील." आता तिचे बाबा, म्हणजे माझे सासरे, हे सुतार. चाळीस वर्षं रंधा मारलेला माणूस! आणि तुम्हाला सांगतो, लग्नाला सतरा वर्षं झाली, या गृहस्थांनी माझ्या एकाही गोष्टीला 'छान' म्हटलेलं नाही. बढती मिळाली, धावत सांगायला गेलो... "हं." घर घेतलं, दाखवायला आणलं... "हं. चौकट वाकडी आहे." मुलगी झाली, त्यांच्या हातात दिली, तर तिच्याकडे बघून "छान!" आणि माझ्याकडे बघून "हं." म्हणजे त्यात माझा काही हातच नव्हता!

म्हणून मी म्हटलं, "बाबांना कशाला त्रास? मी करतो. त्यात काय एवढं? चार पाय आणि एक फळी!" बायकोनं फुलदाणी उचलली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. रविवारी सासरे येणार होते. म्हटलं, या रविवारी त्यांच्या तोंडून 'छान' काढलं नाही तर मिशी उतरवीन.

हार्डवेअरवाल्याकडे गेलो. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "साहेब, घरात कुणी सुतार आहे का?" म्हटलं, आहेत ना, सासरे! "मग त्यांना पाठवा की!" बघा, म्हणजे हाही त्यांच्याच बाजूचा! शेवटी करवत दिली, स्क्रू दिले आणि पांढऱ्या गोंदाचा डबा दिला. "लावा आणि चोवीस तास हलवू नका. नंतर लाकूड फुटेल, सांधा सुटणार नाही."

कामाला सपाट जागा हवी. घरात सपाट म्हणजे एकच, जेवणाचं टेबल. आणि ते कुणी केलेलं? सासऱ्यांनी! लेकीला लग्नात दिलेलं, स्वतःच्या हातानं. पण मी कुठे टेबलाला हात लावणार होतो? मी आपला वर बसून... म्हणजे स्टँड वर ठेवून... जाऊ दे! पाय कापले, स्क्रू पिळले, फळीवर नक्षी कोरली. बायको डोकावली. "अहो, ही पाल कशाला काढलीत?" "वेल आहे ती!" "मग तिला शेपूट का आहे?"

नक्षीचं सोडा, स्टँड डुगडुगत होता. मी वाचलं होतं कुठंतरी, की टेबलावर पॉलिश पेपर पसरायचा, त्यावर स्टँड घासायचा, पाय आपोआप सारखे होतात. घासला! तासभर घासला! घामानं निथळलो, भुसा पडत होता, मनात म्हटलं वा, काम होतंय! स्टँड उचलून बघतो, तर पाय होते तसे. पेपर उचलून बघतो... अहो, खरखरीत बाजू खाली! तासभर मी सासऱ्यांचं टेबल घासत होतो! सतरा वर्षांचं पॉलिश साफ, मधोमध पांढराफटक चट्टा! चार पाय आणि एक फळी करायला बसलो आणि भलत्याच फळीचं वाटोळं केलं.

आता हे झाकायचं कसं? म्हटलं, स्टँडच ठेवू चट्ट्यावर. नाहीतरी त्याचे सांधे ढिले झाले होते, तिथेच उभा करून गोंद ओतला. हात जरा सैल सुटला. म्हणजे... डबा संपला. वर वजन हवं म्हणून इस्त्री ठेवली, शब्दकोशाचे दोन खंड ठेवले आणि निवांत झोपलो. गोंद वरून ओतला की खाली ओघळतो, हे मला कुणी सांगितलं होतं का? दुकानदार बोलला? नाही बोलला!

रविवारी सासरे आले. चष्मा लावला. पालीकडे... वेलीकडे बघितलं. "हं." मग दोन बोटांनी स्टँड हलवून पाहिला. हलेना! पंज्यानं रेटला. ढिम्म! आणि तुम्हाला सांगतो, सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या भुवया वर गेल्या. "चार पायांचा, आणि डुगडुगत नाही?" मी म्हटलं, "त्यात काय एवढं, बाबा..." माझी छाती अशी फुगली, शर्टाचं बटण तुटायचं बाकी! खालची बाजू बघावी म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी स्टँड उचलला... आणि टेबल उठलं हो! कपबशा घसरल्या, चहा माझ्या मांडीवर, बायको किंचाळली, "अहो, हे काय केलंत?"

सासऱ्यांनी टेबल हळूच खाली ठेवलं. वाकले. पाय जिथे टेबलाला चिकटला होता तिथून नख फिरवलं, एकदा, दोनदा. म्हटलं, आता चौकटीपासून सगळा हिशेब निघणार. कुठून कापायचं ते बघितलं त्यांनी, पण कापायला फटच सापडेना. उभे राहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "जावईबापू... सांधा छान बसलाय."

छान! ऐकलंत? छान! सतरा वर्षं ज्याच्यासाठी कान आसुसले होते, तो शब्द मिळाला तो कशाला, तर जो सांधा मी केलाच नाही त्याला! आता काय, भांडू? घेतलं पदरात पाडून. "थँक्यू, बाबा" म्हणालो आणि सगळ्यांची ताटं जमिनीवर मांडली.