हेमाताईंचा निरोप

सन्माननीय अध्यक्ष गोपाळकृष्णराव, मंडळाचे सचिव आमोदराव, मंचावरचे मान्यवर (आपण इतके आहात, की सत्कारमूर्तीची खुर्ची पार कडेला गेली आहे) आणि समोर बसलेल्या रसिकहो, नमस्कार.

माझी ओळख करून देताना अध्यक्ष म्हणाले, "बाई कॉन्व्हेंटच्या आहेत, मराठी चालवून घ्या." आभारी आहे. तर एका मराठी शब्दापासूनच सुरुवात करते. निरोप.

हेमा रिसबूड सतार वाजवते हे आपण जाणता. मी तिची शेजारीण, म्हणून तिचा संधिवातही जाणते. काही वर्षं तिनं जाहीर कार्यक्रम केला नाही. सकाळी बोटं वळत नाहीत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. तरी यंदा तिनं सतार पुन्हा हातात घेतली आणि मला म्हणाली, "मंडळाला कळव गं, मला वाजवायचंय."

मी आमोदरावांना फोन लावला. ते स्कूटरवर, मागे बुधवार पेठेतले भोंगे. मी ओरडून सांगितलं, "हेमाताईंचा निरोप आहे! कार्यक्रम ठेवायचाय!" ते म्हणाले, "अरेरे! ठेवू की. थाटात ठेवू."

त्या 'अरेरे'चा अर्थ मला पत्रिका हातात पडल्यावर कळला. 'निरोप समारंभ'!

पुन्हा फोन. "अहो, निरोप म्हणजे सांगावा! तिला वाजवायचंय." त्यावर मराठीत एम. ए. झालेले आमोदराव म्हणाले, "मॅडम, पत्रिका वाटून झाल्या. आणि निरोप कधीतरी द्यायचाच होता ना?"

मी तणतणत हेमाकडे गेले. म्हटलं, जायचंच नाही. ती हसत बसली. "हॉल मिळाला ना? मग भांडतेस कशाला?"

म्हणून आम्ही आलो. पहिले वक्ते म्हणाले, "हेमाताई काय सुंदर वाजवायच्या!" वाजवायच्या? बाई समोर बसल्यात, अहो! दुसऱ्यांनी तिचा हात दाबून हस्तांदोलन केलं. तिचा चेहरा तुम्हाला हसरा वाटला असेल, मला वाटला नाही. तिसऱ्यांनी तिच्या हातात पितळी समई ठेवली. संधिवात झालेल्या बाईच्या हातात! ती मी झेलली म्हणून समई वाचली आणि बोटंही.

आता नीट ऐका. औषध घेतल्यावर संध्याकाळी तिची बोटं तासभर मोकळी होतात, मग पुन्हा आखडतात. तो तास मघाशीच सुरू झालाय आणि त्यातला बराचसा आपण तिचं कौतुक करण्यात घालवला. मला धरून.

त्या शालीखाली उजवा हात आहे. त्याच्या तर्जनीवर नखी आहे, सतारीची तार छेडायची. सुजेमुळे ती चढवायला वेळ लागतो, म्हणून हेमा रिक्षातच चढवून आली. हस्तांदोलन करणाऱ्यांना टोचली असेल. बरं झालं.

सतार विंगेत आहे. तबला घेऊन केयूरही तिथंच ताटकळलाय. ती पूर्वीसारखी वाजवेल का? नाही. तार खेचताना मध्येच थांबेल, बोटं चोळेल, पुन्हा सूर धरेल. तेव्हा कीव म्हणून टाळ्या वाजवू नका. नुसते थांबा. तेवढं पुणेकरांना जमावं.

हॉलबद्दल मंडळाचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यानं कुणाचा उपमर्द झाला असेल तर क्षमा असावी. आमोदराव, आपण सवडीनं केलीत तरी चालेल. उरलेल्या वक्त्यांनी आपापली भाषणं कृपया खिशातच ठेवावीत.

आणि अध्यक्षमहाराज, आता या खुर्च्या तेवढ्या मंचावरून उचलायला सांगा.

हेमाताईंचा निरोप आहे.