कोंडीबाची झोप

हॅलो?… हॅलो! अक्का?… अगं मी, विजू! सोलापुरातनं बोलतीय!… विजयमाला, तुझी धाकटी भैन! आता आणि काय पत्ता सांगू?

वरडू नगं?… बरं, बरं. दाजी बी तेच म्हनलं. पन पुणं काय जवळ हाय व्हय? मोठ्यानं बोलल्याबिगर तुझ्या दवाखान्यापोतर कसं पोचंल?

न्हाय, न्हाय, कुनी मेलं न्हाय. तू नर्स झाल्यापासनं तुला फोन म्हनलं की मढंच दिसतंय… अगं ऐक की! गंमत म्हनून केलाय. आमचं जोतीराम दाजी न्हाईत का, ह्यांच्या भैनीचं मालक? ते हितल्या मिलमधी हेडक्लार्क हायत. साहेब जेवाय गेल्याती. दाजी म्हनलं, वैनी, मिल बघाय आलाय तर फोन बी बघून घ्या. त्येनीच लावून दिला… आता कुटं? ह्यास्नी बायलर दावाय घेऊन गेलं. मी म्हनलं मला नगं ती आग, मी माझ्या अक्काशी बोलते.

व्हय, कोंडीबा हाय की. हितंच, माझ्या मांडीवर. झोपलाय… दाताचं? काय सांगू, रोज रात्री डोळ्याला डोळा न्हाय आमच्या. आगगाडीत बसल्यापासनं केम ते सोलापूर नुसता रडला. डब्यातली समदी मानसं माझ्याकडं बघत व्हती…

कळतंय मला, ल्हान हाय. पन घरी कुनाजवळ ठेवू? आदीची दोन गेली, अक्का. ह्येला जल्मल्या जल्मल्या शेजारनीच्या वटीत घालून कोंड्याच्या मापानं परत इकत घेतला, कोंडीबा नाव ठेवलं, तवा कुटं ह्यो टिकला. पान्याला जाताना बी मी ह्येला कुनाच्या हातात देत न्हाय. आज पयल्यांदाच सोडला… सांगते की, सांगते! आदी मिलचं तर ऐक.

आगं बया, ती चिमनी! बघता बघता मान मोडली माझी. आन आत गेलं की जिमीन थरथरती, तळपायातनं पार दातापोतर. बायका एकमेकींशी बोलतच न्हाईत, हातानं खुना करत्यात. केसावर समदा कापूस. तरन्या पोरी म्हाताऱ्या दिसत्यात गं… एक माझ्याच वयाची व्हती. माझ्याकडं बघून हसली आन खोकायलाच लागली. खोकता खोकता तुटल्याला दोरा जोडत व्हती, थांबली न्हाय. मला लई लाज वाटली, अक्का. नवं लुगडं नेसून जत्रंला गेल्यावानी गेले व्हते मी.

न्हाय, ह्येला आत न्हाय नेला. येडी हाय का मी? पाळनाघर हाय की हितं. बायका तितं लेकरं ठेवून कामाला जात्यात. मल्लव्वा म्हनून एक बाई सांबाळती. अर्ध कानडी, अर्ध मराठी बोलती, पन लई मायेची. हा रडून लाल झालेला बघितला आन म्हनली, दे गं तंगी माझ्याकडं, तू बघून ये समदं. तंगी म्हंजी त्येंच्यात धाकटी भैन.

आन अक्का, तुला खरं वाटायचं न्हाय. खोलीभर लेकरं, आन एक बी रडत न्हाय! समदी झोळीत गप. काही तर डोळं अर्ध उगडं ठेवून गप. आपल्या गल्लीत तीन पोरं जमली की कावळं उडून जात्यात. मी ह्यास्नी म्हनलं, बघा, शिस्त म्हंजी अशी असती…

हॅलो?… अक्का?… काय इचारलंस? झोपलाय कवापासनं?

कवापासनं म्हंजी? आमी आत गेलो तवापासनं. न्याहारी करून आलो, ह्येला मल्लव्वाकडं दिला… न्हाय, मधी उठला न्हाय. मी आणला तरी उठला न्हाय… दूध? न्हाय ना पेला. माझी चोळी भिजलीय समदी, पान्हा दाटून दुखतंय. पन म्हनलं निजू दे, इतक्या रात्रीचं जागरन…

अगं बया गं!… भोंगा झाला, भोंगा! ऐकलास? कानठळ्या बसल्या, फोन पडला असता की हातातनं! बाहेरचा शिपाई बी दचकला. आन आमचं ध्यान बघ, हललं सुदा न्हाय! अशी झोप…

हसतीय कुटं?… बरं. न्हाय हसत.

काय दिलं? काय देनार? मल्लव्वानं गुटी दिली… मी बघितली की, माझ्यासमोरच दिली. कनवटीच्या डबीतनं काळं काय तरी काडलं, दुधात बोटानं कालवलं आन चाटवलं. घरोघरची गुटी येगळी असती. आपली आई न्हाय का सहाणीवर हळकुंड, वेखंड, जायफळ… न्हाय, मल्लव्वानं उगाळलं न्हाय. गोळीच व्हती… मुगाएवढी. व्हय, मुगाएवढी. अक्का, तू असं का इचारतीस?

अफू?… न्हाय, न्हाय. अफू कशाला देतील? जायफळानं बी झोप येतीच की… लई मायेची बाई हाय ती, अक्का…

थांब, हळू सांग. पापनी… उचलली. मधला काळा ठिपका?… बारीक हाय. लई बारीक, टाचनीच्या टोकाएवढा… श्वास? घेतोय… घेतोय की… थांब… आता घेतला. अक्का, मधी लई येळ थांबतोय गं. आन ओठ काळपट दिसत्यात… कोंडू? ए कोंडू? सोन्या?

शिपाईदादा! पळा! मल्लव्वाला आना! आन ह्यास्नी, दाजीस्नी हाळी मारा! डाक्टर आना म्हनावं, लेकरू उटत न्हाय माझं!

हाय, मी हाय… बोल तू, अक्का, तू बोलत ऱ्हा… तोंडावर गार पानी, व्हय, हितं तांब्या हाय… मारलं. नुसत्या पापन्या हलल्या.

आली… मल्लव्वा, खरं सांग, काय चारलंस?… अक्का, व्हय म्हनती. अफूच. समद्यांना देती. त्येंच्या आयाच देऊन जात्यात म्हनं. लेकरू रडलं की आईला सुताचा साचा सोडून यावं लागतंय, आन मुकादम दुसऱ्या दिवशी तिला कामावर घेत न्हाय… ह्येला तिच्या नातवाएवढीच दिली म्हनती. अगं, तुझा नातू रोज खातोय, मल्लव्वा! माझ्यानं आजपोतर जिभंला लावली न्हाय!… पाया पडतीय माझ्या. परक्या जागी तुझं बाळ रडू नये म्हनून दिली, म्हनती.

कोरी कापी? व्हय, सांगते… शिपाईदादा, हाटेलातनं काळी कापी आना, दूध न्हाय, साखर न्हाय!

काय?… मारू? ह्येला?… अक्का, मी आजवर बोट लावलं न्हाय ह्येला. दोन पोचवली मी, आन तिसऱ्याला हातानं मारू?… बरं. बरं. वरडू नगं, मारते… मारलं… तळव्यावरच मारलं… आणि जोरात?… मारलं की! लाल झालं तळवं… न्हाय रडत. अक्का, न्हाय रडत ह्यो… रड की रं. आगगाडीत रडलास तसा रड.

कन्हला! अक्का, कन्हला! तोंड वाकडं केलं! डोळं उगडलं… अगं… मिटलं परत. मान टाकली.

परत?… कवापोतर?… दिवस बुडंस्तवर?… आन मग?… रातभर? डाक्टर आलं तरी?… निजला की श्वास इसरंल… कळलं. कळलं मला.

बाकीची लेकरं? तू ह्येचं बोल की, अक्का!… ती झोळीत हायत… ती रोजचीच हायत गं.

कोन? कोन बोलतंय मधी?… येळ झाला? फोनवाल्या बाई, तुमच्या पाया पडते, लाइन तोडू नगा, माझी भैन हाय पल्याड… हाय का, अक्का? लौकर सांग, आणि काय करू?… नुसतं निजू द्यायचं न्हाय. चिमटं काडू, पानी मारू, उभा धरू. व्हय.

मल्लव्वा, तू रडू नगंस. त्येनं रडाय पायजे. हितं ये, पाय धर त्येचं, घट धर…

अक्का, ऐक. एका हातात तू हायेस, एका हातात ह्यो. मारायला हात ऱ्हात न्हाय मला.

ठेवते.