दोन तांबे पाणी

चिमी : कावळा? अक्का, तीन बोटं पाणी कुठला कावळा पितो गं?

अक्का : एक नसेल, चार असतील. मला काय विचारतेस? मी आईला सोबत म्हणून आलेय, तुझ्या बादलीची राखण करायला नाही.

चिमी : बरं, ये अशी, काठावर बस. ही बादली काल या पोहायच्या पुलाच्या पहिल्या पायरीवर ठेवली. बादलीत पाणी, पुलात पाणी, दोन्हीकडे खूण केली. ऊन तेच, वारा तोच. म्हणजे दोन्हीकडचं पाणी सारखंच आटायला हवं. पुलातलं जास्त उतरलं, तर भिंत गळतेय असं समजायचं.

अक्का : मग? उतरलं?

चिमी : पुलातलं नखभर. आणि बादलीतलं तीन बोटं!

अक्का : म्हणजे फरक पडला ना? तुझा तो पूलवाला काल म्हणालाच होता, फरक पडला की गळती. माझ्या कानांनी ऐकलंय. झालं तर मग! बुजवून टाक हा हौद आणि वर झाडं लाव.

चिमी : अगं बाई, फरक उलटा पडलाय! पूल गळला तर पुलातलं कमी होईल. बादलीतलं कसं होईल?

अक्का : बादलीला भोक असेल.

चिमी : उचलून बघितली. थेंबही गळत नाही. काढलंस ना तू पाणी?

अक्का : थोरल्या बहिणीवर आळ घेतेस?

चिमी : मग आईचा चूळ भरायचा तांब्या इथे पायरीवर कसा? तोही कावळ्यानेच आणला?

अक्का : ...काढलं. दोन तांबे काढले. काय करशील?

चिमी : अगं, पण लबाडी तरी धड करायची! बादलीत ओतायचं होतंस, नाहीतर पुलातलं काढायचं.

अक्का : एवढ्या पुलातलं तांब्याने काढू? जन्म गेला असता माझा! हसू नकोस, चिमे. मला हसू येत नाहीये. जळतेय मी. ऐकायचं होतं ना? मग ऐक. या घरात पाय टाकल्यापासून पोटात आग पडलीये माझ्या.

चिमी : घरावरून? अक्का, तूसुद्धा?

अक्का : घर घाल चुलीत! तुझं घर तुला लखलाभ. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांसाठी आईला पाण्यात चालवा, तर तू पूल असलेलं घरच घेतलंस. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. तिचं पथ्य, तिची चिडचिड, तिचं घोरणं, सगळं माझ्या दोन खोल्यांत. आणि परवा शेजारणीला काय सांगत होती ठाऊक आहे? ‘माझी धाकटी माझ्यासाठी तलाव करतेय.’ तलाव! रोज तिचे गुडघे मी चोळते, ते सांगितलं का कधी कुणाला?

चिमी : म्हणून पूल गळायला हवा होता तुला.

अक्का : हो. गळला असता तर आई परत आली असती. एवढंच.

चिमी : आम्ही आलो तेव्हा काय होतं इथे, बघायला हवं होतंस. गुडघाभर चिखल, त्यात बेडूक. भिंतीवर हातोडी मारली की पोकळ वाजायची. सळया गंजून बाहेर आलेल्या. गड्यांच्या जोडीने छिन्नी घेऊन मीही उतरले. हाताची सालं निघाली. हे म्हणाले, वेड लागलंय तुला. मला काय पोहायची हौस आहे होय?

अक्का : मग कशाला केलास एवढा खटाटोप?

चिमी : कारण मी तुझ्यावर जळते! तू एकटीच जळतेस असं वाटलं तुला? माझ्या आधीच्या घरी आई एकदाच आली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘मला अक्काकडे सोड.’ चहा दिला की म्हणते, अक्का साखर बरोबर घालते. फोन केला की विचारते, ‘बोल, काय काम काढलंस?’ लेकीचं आईकडे काम असावं लागतं? नुसती मला भेटायला ती यायची नाही, हे कळलं मला. म्हटलं, निदान पाण्यासाठी येईल.

अक्का : चिमे...

चिमी : काय चिमे! तुला ती फुकट मिळाली. मला खड्डा उपसावा लागला.

अक्का : फुकट? रात्रीतून तीनतीनदा उठून बघ, म्हणजे कळेल फुकट काय असतं ते.

चिमी : उठेन की. उठू दे ना मला.

अक्का : आणि मी काय करू? सकाळी उठून कुणाच्या नावाने ओरडू?

चिमी : ते मला नाही माहीत. पूल टिकलाय, अक्का. आई इथे राहणार.

अक्का : कळलंय मला. दोनदा सांगू नकोस.

(आतल्या खोलीतून आईची हाक : “अक्का! अगं अक्का, उठव मला!”)

चिमी : ऐकलंस? घर माझं, पूल माझा, आणि हाक तुला. जा.

अक्का : तू जा.

चिमी : चिडेल ती.

अक्का : चिडेलच. चिडू दे. आधी पाय खाली सोडायला सांग, मग काखेत हात घालून उचल. हात धरून ओढू नकोस, खांदा दुखतो तिचा. आणि उभी राहिली की लगेच चालवू नकोस, जरा टेकू दे तुझ्या अंगावर.

चिमी : बरं. आणि तू कुठे आहेस विचारलं तर?

अक्का : लगेच सांगू नकोस. जरा विचारू दे तिला.