कोपऱ्यावरचा नळ

हरिदास : थांबव, थांबव! हा हिरो आत्ता बुढापाऱ्याच्या गल्लीत पळून राहिला होता ना? मग तिकडं गावाबाहेर सिलतऱ्याच्या प्लांटच्या गेटवर कसा पोचला?

यशदीप : बाबा, पिक्चर आहे. मधला रस्ता कापला.

हरिदास : सिलतऱ्याचा रस्ता कापला? सारी नोकरी कंपनीच्या बसमधी त्या रस्त्यानं गेलो मी, मले तं कोणी कापून नाही देल्ला.

सत्यभामा : अवो, पाहू द्या ना. पोट्ट्यानं लिहिलेला पयला पिक्चर हाय, अन् तुमी कंडक्टरसारखे स्टॉप मोजून राहिले.

हरिदास : काहून मोजू नाही? शर्त लागली हाय. पिक्चर पटला तं यानं खुशाल मुंबईले जावं, मी परीक्षेचं नावबी काढणार नाही. नाही पटला तं सोमवारपासून रेल्वेच्या परीक्षेचा क्लास. काय रे, कबूल केलं का नाही?

यशदीप : केलं ना. पण पूरा देखो तो सही. अर्ध्यात फैसला नाही.

सत्यभामा : हा कोण आला आता? पिशवीवाला?

यशदीप : तूच सांग, कोण असेल?

सत्यभामा : खुनी! सुरुवातीले मेला त्या सेठले यानंच मारलं. पाह्य ना, भल्या पहाटे कसा गुपचूप सायकल ढकलत चालला. पिशवी कशी छातीशी धरली हाय... अवो, याची चाल कोणासारखी वाटते?

हरिदास : कोणासारखी?

सत्यभामा : डावा खांदा वर, उजवा खाली. आता पाहा, सायकलले कुलूप लावलं. ओढून पाह्यलं. दोन पावलं गेला. वापस आला. परत ओढून पाह्यलं!

हरिदास : मग? कुलूप ओढून पाहाच लागते. सायकली चोरीले जातात.

सत्यभामा : हव, हव. आपल्याही घरी एक जण असंच ओढते.

हरिदास : यशदीप, इकडं पाह्य. हा म्हंजे मी का?

यशदीप : थोडासा.

हरिदास : बापाले खुनी केलं! नावं आली तवा मी विचारून राहिलो होतो, 'कथा यशदीप रामटेके', मधात हरिदास काहून नाही टाकलं. बरं झालं नाही टाकलं! तात्यापारा मोहल्ल्यात तोंड दाखवाले जागा नसती राहिली.

सत्यभामा : तात्यापाऱ्यातल्या सुशीलभैयाले तं तुमीच सकाळी फोन केला. माह्या पोराचा पिक्चर पाहा म्हणून.

हरिदास : मी फक्त टाइम सांगितला.

सत्यभामा : मोबाइलवर कवाबी दिसते तो पिक्चर. त्याचा कायचा टाइम?

यशदीप : आई, हे बघ आता. बाबा, तुम्ही पण.

सत्यभामा : अगं माय! कोपऱ्यावरच्या नळावर हात धुऊन राहिला. मान धुतली. कानामागं बी! अन् नालीत पाणी पाहा कसं वाहून राहिलं, काळंकुट्ट. एवढं रक्त? पिशवीत चाकूच असन... अवो, पाहून राहिले ना तुमी?

हरिदास : पाहून राहिलो.

सत्यभामा : आतापर्यंत तोंड बंद नव्हतं. नळाचं काही चुकवलं नाही का पोरानं?

हरिदास : तू जराशी चूप बस.

सत्यभामा : घ्या, पोलीसवाली आली. धरला! पिशवी उघडाले लावली... हे काय? शर्ट? धुतलेला शर्ट निघाला!

हरिदास : काय म्हणून राहिला तो? आवाज वाढव.

यशदीप : फुल आहे, बाबा.

हरिदास : मशीनीपाशी राहून कान गेले माहे. सत्यभामा, तू सांग. त्या बाईनं काय विचारलं?

सत्यभामा : विचारलं, घर इतक्या जवळ हाय तं इथं थंडीत उघड्यावर आंग काहून धुतो. तं तो म्हणते...

हरिदास : सांग ना.

सत्यभामा : म्हणते, 'मॅडम, हे रक्त नाही. प्लांटची धूळ हाय. मी नाइट करून पोचतो तवा माहा पोरगा शाळेत निघून राह्यते. दारातच येऊन बिलगते. त्याचा शर्ट पांढरा राह्यते.'

(टीव्हीवर जीप सुरू होते, कोणीतरी ओरडतं.)

सत्यभामा : यशदीप, हे तू मनानं लिहिलं?

यशदीप : नाही. आपल्या खिडकीतून नळ दिसायचा ना. मी रोज पाहायचो. बाबांनी शर्ट घातला की मग मी धावत दारात यायचो.

हरिदास : तू झोपून राहत होता.

यशदीप : नव्हतो, बाबा.

सत्यभामा : अन् मले सांगत होते, बस लेट झाली! रोज बस लेट! त्या बसवाल्याले किती शिव्या देल्ल्या मी. काळे कपडे पिशवीत येत, मले वाटे प्लांटमधीच आंघोळ करून येत असन. डिसेंबरातबी नळावर धुवत होते?

हरिदास : प्लांटात बी नळ होते. पण तिथं रांग राहे. रांगेत थांबलो असतो तं बस सुटली असती, अन् हा शाळेत निघून गेला असता.

सत्यभामा : मले एक शब्द सांगितला असता तं?

हरिदास : तू मले रात्रपाळीच करू नसती देल्ली. रात्रपाळीचा भत्ता याच्याच शाळेत जाये.

यशदीप : बाबा, पिक्चर बाकी आहे. खरा खुनी अजून सापडायचा आहे.

हरिदास : सापडन. कुठी जाते पळून? तू मागं घे.

यशदीप : काय?

हरिदास : ते नळाचं मागं घे. मले आयकू नाही आलं.

सत्यभामा : आलं आयकू. तुमचे डोळे सांगून राहिले. अवो, रडा ना खुशाल, घरचेच लोक हाय.

हरिदास : आलं. पण एक डाव आयकून भागत नाही. घे मागं.

यशदीप : घेतो. पण आधी शर्तीचं सांगा. सोमवारी क्लासला जायचं का?

हरिदास : पिक्चरमधी चूक हाय.

यशदीप : आता कोणती?

हरिदास : नळ तुनं किराणा दुकानाच्या उजवीकडं दाखवला. तो डाव्या हाताले होता.

यशदीप : आता तिथं नळच नाही, बाबा. शूटिंगसाठी नवा लावून घेतला. डावीकडे कॅमेरा ठेवायला जागा नव्हती.

हरिदास : ते मले नको सांगू. सिलतऱ्याचा रस्ता पाहिजे तेवढा काप. पण पुढच्या पिक्चरमधी नळ डाव्या हाताले पाहिजे.