वाफ थांबली की टोपण उघडा

सन्माननीय अध्यक्षमहाराज, आज आपण ज्यांना निरोप देण्यासाठी जमलो आहोत ते आपल्या मोटार कंपनीचे फोरमन श्रीयुत महिपतराव, व्यासपीठावरील थोर मंडळी, कारखान्यातील माझे मिस्त्री, ड्रायव्हर आणि क्लीनर बंधू, आणि मागे खिडकीशी बसलेल्या भगिनींनो,

मी भिकाजी. स्टँडवर तिकिटे देतो. मला भाषणाला का उभे केले, हे मला नीट कळलेले नाही. कंपनीत चांगले बोलणारे पुष्कळ आहेत. परवा महिपतराव साहेब स्वतः माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "भिकाजी, निरोपाचे चार शब्द तूच बोल. तू बोललास म्हणजे कुणाच्या मनात काही राहणार नाही." मी हो म्हटले. पण घरी जाताना विचार आला, कुणाच्या मनात काय आहे असे साहेबांना वाटते? तेव्हापासून दोन्ही रात्री झोप नीट लागलेली नाही.

असो. साहेबांचे गुण सांगायला मला अडचण नाही. साहेब आले तेव्हा आपल्या लॉऱ्या आंबा घाटात दर फेरीला उकळून उभ्या राहत. मोटारीच्या तोंडाशी पाण्याची पितळी टाकी असते, तिला रेडिएटर म्हणतात. इंजिन थंड ठेवायचे काम तिचे. आपली माणसे तिच्यात मिळेल ते पाणी ओतत. भाट्याच्या तरीवर गाडी थांबली की खाडीचे खारे पाणीसुद्धा ओतत, आणि खाराने आतल्या नळ्या भरून जात. साहेबांनी ते बंद केले. गोड्या विहिरीचेच पाणी घ्यायचे, तेही धोतराच्या फडक्यातून गाळून. रोज सकाळी नारळाच्या झावळीच्या हिराने, म्हणजे काडीने, जाळीतला चिखल आणि किडे काढायचे. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहायचा. रबरी नळीला चीर दिसली तर गाडी काढायची नाही. इतकी शिस्त कोणी लावली? साहेबांनीच. हे मी मनापासून म्हणतो.

आणि आणखी एक नियम त्यांनी लावला. गाडी घाटात उकळली तर टोपणाला हात लावायचा नाही. टाकीच्या वरून एक बारीक नळी खाली जाते, तिच्यातून जास्तीची वाफ बाहेर पडते. त्या नळीकडे पाहत बसायचे. वाफ थांबली की टोपण उघडायचे, त्याआधी नाही. कारखान्यातल्या प्रत्येकाला हे पाठ आहे. पाठ आहे ना, मंडळी?

माझा भाऊ सदू याला तर ते सर्वांत जास्त पाठ होते. येथे बहुतेकांनी त्याला पाहिले आहे. तो गाडीच्या बाबतीत इतका किरकिऱ्या होता की क्लीनर लोक त्याला 'सासूबाई' म्हणत. सकाळी वहिनी चहा पुढे करी, तर हा म्हणे, "आधी तिला पाणी, मग मला चहा." वहिनी म्हणे, "मग तिच्याशीच लगीन लावायचं होतं." तो हसून निघून जाई.

गेल्या वैशाखात तो पावसचे आंबे घेऊन कोल्हापूरला निघाला. बरोबर क्लीनर हारुन होता. घाटात भर दुपारी गाडी तापली. सदूने गाडी कडेला घेतली, टोपण उघडले, आणि उकळते पाणी त्याच्या तोंडावर आणि छातीवर उसळले. सिव्हिल हॉस्पिटलात तो काही दिवस होता. मग गेला.

साहेबांनी चौकशी केली आणि निकाल दिला की सदूने उतावळेपणा केला. वाफ थांबायची वाट पाहिली नाही. त्या दिवसापासून नवा ड्रायव्हर आला की त्याला सांगतात, "सदूसारखा उतावीळ होऊ नको." माझी तिकिटांची खिडकी कारखान्याला लागून आहे. मला ते प्रत्येक वेळी ऐकू येते. सदूचा मुलगा शाळेतून येताना माझ्याकडे थांबतो, त्यालाही ऐकू येते. एकदा त्याने विचारले, "काका, बाबा घाई करायचे?" मी म्हटले, "पाटी-दप्तर उचल, घरी जा." दुसरे काय सांगणार होतो?

आता सभेच्या रिवाजाला सोडून थोडे बोलतो. अध्यक्षमहाराजांनी परवानगी दिली असे मी धरून चालतो.

दिवसकार्य झाल्यावर साहेब आमच्या घरी आले होते. आंब्यांची करंडी आणली होती. मोठेपणा त्यांचा. पण जाताना उंबऱ्यावर थांबून त्यांनी वहिनीला विचारले, "त्याच्या अंगावरचे कपडे टाकून दिलेत ना? असले घरात ठेवू नयेत." मला तेव्हा ते काळजीचे बोलणे वाटले. नंतर वाटू लागले, एवढा मोठा फोरमन एका सदऱ्याची विचारपूस कशाला करतो? शोकात माणूस भलतेसलते मनात आणतो, हे मी जाणतो. म्हणून गप्प राहिलो.

सदरा टाकला नव्हता. वहिनीने तो धुवायला घेतला होता. पुढे पिवळे डाग होते. साबण लावला तसे ते लालभडक झाले. येथे बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, साबण लागल्यावर लाल होतो तो डाग हळदीचा. वहिनी म्हणाली, "भावजी, त्या हारुनने भाजल्यावर हळद लावली असेल हो. परक्याचं पोर, पण किती केलंन." आमच्या घरात भाजले, कापले की हळदच लावतात. मलाही त्यात काही वावगे दिसले नाही. आम्ही सारे वर्ष हारुनला दुवा देत होतो.

या शिमग्यात मिरकरवाड्याला गेलो असता हारुन प्रथमच निवांत भेटला. म्हटले, आज आभार मानू. मी म्हणालो, "हारुन, त्या दिवशी तू सदूला हळद लावलीस, वहिनी विसरलेली नाही."

तो म्हणाला, "घाटात हळद कुटनं आनू, भाऊ? माझ्याकडं होतं काय? डोक्याचं फडकं भिजवून छातीवर ठेवलं, तेवढंच."

"मग सदऱ्यावर हळद कशी?"

"टाकीतलं पानीच पिवळं होतं. मी साहेबांना बोललो, तर बोलले, गंज हाय."

"आणि वाफ? वाफ थांबेपर्यंत तो थांबला नाही?"

"थांबला नाय? बिडी ओढून झाली, दुसरी लावली. मी बोललो, सदूभाऊ, उघडू काय? तर माझ्यावर खेकसला, नळीकडं बघ आधी. नळीतनं काय येत नव्हतं. वाफच नव्हती, भाऊ. मग तो बोलला, आता उघडतो, तू लांब हो."

मंडळी, गळका रेडिएटर तात्पुरता बंद करायला त्यात हळद टाकतात, हे मोटारवाल्यांना सांगायला नको. हळद फुगते, भोकात बसते, गळती थांबते. सगळेच टाकतात. भोकाला कथलाचा डाक लावायचा म्हणजे टाकी खाली उतरवावी लागते, गाडी दोन दिवस उभी राहते, आणि आंबा दोन दिवस थांबत नाही. मी त्याला गुन्हा म्हणत नाही. पण हळद भोकात बसते तशी ती त्या बारीक वाफेच्या नळीतही बसू शकते. मग वाफ आतच कोंडते. बाहेर काही दिसत नाही. आणि नियम पाळणारा माणूस, वाफ थांबली असे समजून, टोपण उघडतो.

तो रेडिएटर दुसऱ्याच दिवशी बदलला. जुना कुठे आहे? मोडका खिळाही कारखान्याबाहेर न जाऊ देणाऱ्या साहेबांनी तेवढाच कसा मोडीत काढला? मी संशयी झालो आहे, कबूल करतो. शिमग्यापासून साहेब मला नमस्कार करत, तर मी त्यांच्या हातांकडे पाहत असे. पण संशय तो संशयच. टाकीत हळद कोणी टाकली हे मी पाहिलेले नाही, हारुननेही नाही. ज्यांना माहीत असेल ते आजच्या आगबोटीने मुंबईला जात आहेत, आणि पावसाळा लागला की आगबोटही बंद.

म्हणून साहेब, आपल्याला हार घालण्यापूर्वी एवढेच विचारतो. त्या गाडीच्या टाकीत हळद होती काय?

अध्यक्षमहाराज, घंटा वाजवू नये, मी संपवतच आहे. हारुन, तू खाली बस. मला कुणाशी भांडायचे नाही. साहेब, आपण बसूनच बोला. हो किंवा नाही, कोणतेही चालेल.

काय म्हणालात?

मंडळी, साहेब हळू बोलले. मागे पोचले नसेल, म्हणून त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगतो. साहेब म्हणाले, "मूठभरच होती."

वहिनी, ऐकलेत ना? मूठभरच होती. तो थांबला होता.

साहेब, आपण बोललात याबद्दल मी आपला आभारी आहे. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. गेल्या वर्षी बोलला असतात तर अधिक आभारी झालो असतो. अध्यक्षमहाराजांना विनंती आहे की उद्यापासून नव्या ड्रायव्हरला सदूचे नाव सांगायचे झाल्यास, तो वाट पाहणारा होता असे सांगावे, आणि ज्या टाकीत हळद टाकली असेल तिची वाफेची नळी आधी तार घालून पाहावी, हेही सांगावे.

आपण सर्वांनी माझे ऐकून घेतलेत, आपले उपकार आहेत. मला सभेत बोलायची सवय नाही. कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, शुभ प्रसंगी न बोलायचे बोललो असेन, तर पदरात घ्यावे. हार घालण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. ते कृपा करून दुसऱ्या कुणीतरी करावे.